चौकटीबाहेरचे चुलते

धाराशिव जिल्ह्यात सध्या गावोगावी एकच चित्र काढलं जातंय. तुळजाभवानीचं नव्हे. नळदुर्गच्या पाणीमहालाचंही नव्हे.

वंशावळीचं.

वर एका चौकटीत खापरपणजोबा. त्यांच्याखाली बाण. बाणाखाली तीन चौकटी, त्यांच्याखाली सात. अगदी तळाला अर्जदार. त्याची चौकट सगळ्यांत बारीक, कारण कागद तिथंच संपतो.

कारण सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकाळातली दप्तरं उघडली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मान आला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. कुणबी दाखला कुणाला द्यावा नि कुणाला नाही, यावर इथं एक अक्षर नाही. त्यावर बोलणारे घसा बसेपर्यंत बोलतायत. आपला प्रश्न फक्त चौकटींचा.

नोंद सापडते पणजोबांची, दाखला हवा पणतूला. इतर मागासवर्गासाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा त्याआधीचा आणि अर्जदार बारावीला. मधलं अंतर कोण भरणार? वंशावळ. आणि ती काढायची कुठं? सेतूत. पाटीवर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ लिहिलंय, पण तिथं जातो कोण? सगळे सेतूतच जातात.

सेतूतला पोरगा वर्ड उघडतो. चौकट टाकतो, नाव टाकतो, बाण ओढतो. अर्ध्या तासात देखणा तक्ता तयार. मागून आवाज येतो, ‘धाकले चुलते राह्यले की हो!’

झालं. चुलत्यांना जागा करायला डावीकडची चौकट सरकवावी, तर बाण जागेवरच. बाण धरून ओढावा, तर थोरले चुलते पुढच्या पानावर. शेवटी चुलते कोपऱ्यात, तिरके, आठ पॉइंटच्या अक्षरात. हयातभर बांधावरून भांडले, आता चौकटीवरून.

यावर तोडगा आहे का? आहे. तीसेक वर्षांपासून आहे. फुकट आहे.

फुकट आहे म्हणूनच तो कुणी विकायला येत नाही. निविदा नाही, प्रात्यक्षिक नाही, चहा-बिस्किटं नाहीत. मग सरकारला कळणार कसं?

तोडग्याचं नाव ग्राफविझ. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेला. त्यातली मुख्य आज्ञा डॉट. करायचं एवढंच, की नोटपॅड उघडायचं आणि कोण कुणाचा, ते ओळीनं लिहायचं:

रामराव -> दत्तू
रामराव -> गणपत
दत्तू -> माधव

आगेमागे एक कंस, वर एक ओळ मथळा, लंबवर्तुळांऐवजी चौकटी हव्यात म्हणून आणखी एक ओळ. संपलं. फाईल जतन करायची, काळ्या खिडकीत डॉटला सांगायचं की ही फाईल घे आणि पीडीएफ दे. चौकटी तो आखतो, अंतर तो ठरवतो, बाण तो वळवतो. चुलते राहिले? एक ओळ वाढवा, पुन्हा आज्ञा द्या. अख्खं खानदान आपापलं सरकून बसतं.

एवढी समजूत खऱ्या खानदानानं कधी दाखवली होती?

ओळी लिहून चित्र काढायची ही युक्ती ग्राफविझहूनही जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतल्या ब्रायन कर्निगन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पिक’ नावाची छोटी भाषा केली. एक चौकट, उजवीकडे बाण, मग वर्तुळ, असं फोनवर सांगावं तसं लिहायचं आणि चित्र मिळवायचं. पुढं २००९ मध्ये याच धर्तीचं प्लांटयूएमएल आलं. २०१४ मध्ये स्वीडनच्या एका प्रोग्रॅमरनं मर्मेड काढलं, २०२२ मध्ये प्रोग्रॅमरांच्या गिटहब या संकेतस्थळानं ते आपल्या घरात घेतलं. आता तर एआयला सांगितलं तर तोही मर्मेडच्या ओळी लिहून देतो. चुलते मात्र तोही विसरतो.

आणि आपण? आपण तर या सगळ्यांच्या आधीचे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या आठवा. घराणं, गाव, अमक्याचा मुलगा तमका, तो कधी आला, कुणाला घेऊन आला. नुसत्या ओळी. सोलापूर-कोल्हापूरकडं येणारे हेळवी घराण्याची नावं वाचून दाखवतात, तेही ओळीनंच. बाण नाही, चौकट नाही, सावली दिलेली किनार नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालतंय. तिकडे युटातल्या मॉर्मन चर्चनं १९८४ मध्ये जेडकॉम नावाची वंशावळीची साधी मजकूर-रचना बसवली. आजही जगभरचे वंशावळवाले तीच देतात-घेतात.

मजकूर टिकतो. वर्डमधली चौकट पुढच्या आवृत्तीत टिकली तरी नशीब.

आता प्रत्येक घरात एक हिंजवडीचा भाचा असतो. सणाला येतो, मांडी घालून बसतो आणि म्हणतो, ‘मामा, वर्ड कशाला? मी दोन मिनिटांत देतो.’ लॅपटॉपवर काळा पडदा, पांढरी अक्षरं. मामी विचारते, बिघडला का रे? भाचा केविलवाणा हसतो.

दोन मिनिटं खरीच. पहिला तक्ता दोन मिनिटांतच येतो. मग भाचा बाणाचा रंग निवडायला घेतो. चौकटीचे कोपरे गोल हवेत की टोकदार? अक्षर कुठलं? मध्यरात्र उलटते, भाचा अजून कोपऱ्यांवरच. या मंडळींची ही जुनी खोड. वेळ वाचवायचं यंत्र हाती आलं, की वाचलेला वेळ यंत्रावरच उधळायचा.

तोवर सेतूतल्या पोरानं सहा वंशावळी उरकल्या. वाकड्या, पण उरकल्या.

खरी गंमत पुढं आहे.

आपल्याकडं नातवाला आजोबांचं नाव देतात. आजोबा रामराव, वडील दत्तू, नातू पुन्हा रामराव. भाच्यानं भाबडेपणानं लिहिलं: रामराव -> दत्तू, दत्तू -> रामराव. डॉटच्या लेखी एक नाव म्हणजे एक माणूस. त्यानं चौकटी काढल्या दोनच आणि एक बाण खालून परत वर नेला. नातू स्वतःचाच आजोबा झाला. तक्रार नाही, लाल अक्षर नाही. निमूट काढून दिलं.

पूर्ण नाव लिहा म्हणाल? लिहून बघा. आजोबा रामराव दत्तू. वडील दत्तू रामराव. नातू रामराव दत्तू. पूर्ण नावसुद्धा एक पिढी सोडून जसंच्या तसं परत येतं. अमेरिकेतल्या गणितज्ञांनी बाकी सगळा विचार केला होता. मराठवाड्यातलं बारसं तेवढं राहिलं.

उपाय सोपा आहे. प्रत्येकाला आत एक खूण द्यायची, अ१, अ२, अ३. बाहेर दाखवायचं नाव वेगळं. आत एक, बाहेर एक. आपल्याला हे शिकवावं लागतं का?

उलट दुखणं तर याहून मोठं. शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात दत्तू. सातबाऱ्यावर दत्तात्रय. खासरा पत्रकात दत्ता. गावात दत्तोबा. माणूस एक, डॉटच्या चौकटी चार. यंत्राला हसू नका. एका वेलांटीसाठी अर्ज परत करणारं टेबल आणि डॉट, दोघांचं तर्कशास्त्र सारखंच आहे.

फरक एवढाच, की डॉट दुरुस्तीसाठी पुढची तारीख देत नाही.

डॉटचा स्वभावही समजून घ्या. रेषेनं रेषेला छेदू नये, हा त्याचा ध्यास. पण छेद कमीत कमी कसे राहतील, हे कोडं भलतं अवघड. १९८३ मध्ये गॅरी आणि जॉन्सन या दोघांनी सिद्धच केलंय, की चित्र वाढत गेलं तर हे कोडं हमखास आणि झटपट सोडवण्याची रीत सापडणं जवळपास अशक्य. म्हणून डॉट अंदाजानं चालतो. थोडं इकडे, थोडं तिकडे, बरं दिसलं की थांबतो. एकमेकांत गुंतलेली सोयरीक आली की एखाद्या वेळी थोरला उजवीकडे जातो, धाकटा डावीकडे.

गणिताच्या दृष्टीनं उत्तम. भावकीच्या दृष्टीनं दिवाणी दावा.

भावंडांचा क्रम मोडू नको, असं सांगणारी एक ओळ आहे म्हणा. ती पहिल्यांदा लिहावी. मथळ्याच्याही आधी, जमलं तर.

आणखी एक. डॉटला बाप-लेक कळतो, नवरा-बायको कळत नाही. त्याला फक्त वरून खाली येणारं नातं ठाऊक. दोघांना शेजारी बसवून मुलं दोघांची दाखवायची तर मध्ये एक अदृश्य बिंदू घालावा लागतो. रेषा त्या बिंदूतून खाली येतात. चित्रात दिसत नाही, पण त्याच्याशिवाय संसार उभा राहत नाही.

कोण म्हणतं या यंत्राला जग कळत नाही?

बायकांवरून आठवलं. आपल्या वंशावळींत मुली असतात का? विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पानावर जागा नव्हती.’ महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, केंद्रानं २००५ मध्ये. कायद्यात जागा झाली, पानावर होईना. आता मजकूर फाईलमध्ये बहिणीची ओळ वाढवायला किती जागा लागते? एक ओळ. कागदाचं निमित्त गेलं. नवीन निमित्त शोधायला भावकी बसली आहे. सापडेल.

देवनागरीचं काय, हा प्रश्न हुशार वाचकानं एव्हाना विचारलाच असेल. ग्राफविझला देवनागरी चालते. माणसाचं नाव अवतरणचिन्हाविनाही थेट लिहिता येतं, मध्ये मोकळी जागा नसली की झालं. फक्त देवनागरीचा फाँट कुठला, ते सांगून ठेवावं, नाहीतर नावांऐवजी रिकामे चौकोन मिळायचे. निनावी पूर्वजांची वंशावळ. काही घराण्यांना तीही सोयीची पडेल.

काळ्या खिडकीतच उभ्या-आडव्या रेघांनी चौकटी काढणारीही यंत्रं आहेत. ती मात्र इंग्रजीपुरती. त्यांच्या हिशेबात प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं. काना, मात्रा, जोडाक्षर आलं की चौकटीची उजवी भिंत कोलमडली. ‘ज्ञानेश्वर’ लिहून बघा.

पण मोठा अडथळा यंत्र नाहीच. जुन्या फायली आहेत. जिल्ह्यातल्या कितीतरी संगणकांत मराठी म्हणजे अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव. पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी चिन्हांचा काला. युनिकोड येऊन जमाना झाला. अशा फाईलमधलं नाव उचलून डॉटला दिलं, की तो हा काला तसाच्या तसा, सुबक चौकटीत, बाणासह काढून देतो. निजामकाळची मोडी वाचायला माणसं सापडली. दहा वर्षांपूर्वीचं डीटीपी वाचायला कुणाला बोलावणार?

मजकुराची खरी करामत नाव बदलताना दिसते. आणि नाव बदलण्यात आपला हात कोण धरणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराच्या नामांतराला केंद्रानं मान्यता दिली, सप्टेंबरात जिल्हा धाराशिव झाला. रेल्वे स्थानकाला पाटी बदलायला २०२५ उजाडलं. लोकसभा मतदारसंघ २०२४ च्या निवडणुकीतही उस्मानाबादच. एकाच मतदारानं धाराशिवमध्ये राहून उस्मानाबादला मत दिलं.

चित्र म्हणून जतन केलेला प्रत्येक तक्ता, प्रत्येक नकाशा नव्यानं काढावा लागला. मजकूर असता तर? सेड नावाची एक चिमुकली आज्ञा आहे. जुनं नाव, नवं नाव, एक ओळ. हजार फायली असोत, चहा निवायच्या आत काम फत्ते.

फक्त ती बेफाम सोडू नये. उस्मानाबादी शेळी धाराशिवी होऊन बसेल.

तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले. ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाले. हैदराबाद गॅझेटियरच्या शासन निर्णयातली गावपातळीवरची चौकशी समिती याच तिघांची. बाकी काही बदललं नसेल, तरी तक्ते तीनदा बदलले. सेड असता तर तीन ओळी.

कार्यालयांचे इतर तक्तेही याच रांगेत उभे आहेत. कुठलंही कार्यालय घ्या, भिंतीवर कामकाजाचा तक्ता लटकलेला. अर्ज इथून तिथं, तिथून पलीकडं, मग मंजुरी. सरळ रेषेत, खाली उतरणारा. ग्राफविझमध्ये डॉटची भावंडंही आहेत. त्यांतलं सर्को वर्तुळात मांडणी करतं. फाईल प्रत्यक्षात कुठून कुठं गेली ते लिहून एकदा सर्कोला द्या. तक्ता पहिल्यांदाच खरा निघेल.

भिंतीवर लावणार का?

अडचणी आहेत, लपवायचं कारण नाही. मोठं घराणं असलं की डॉट आडवा पसरतो. चार पिढ्या, साठ चुलतभाऊ. एकेका भावाला त्याची पुरती चौकट हवी, तर पान काही मीटर रुंद. ए-फोरमध्ये बसव म्हणावं तर नावांच्या मुंग्या. सेतूतल्या पोराची वाकडी वंशावळ निदान वाचता येते. भाच्याकडं यावर उत्तर आहे: मोठ्या कागदावर छापा. कार्यालय म्हणतं, ए-फोरच हवा, त्यावर शिक्का बसला पाहिजे.

मोठा कागदच हवा तर फ्लेक्स छापा ना. चौकात वाढदिवसाला लागतोच, पूर्वजांनाही एकदा मिळू द्या. फक्त भाऊ-दादांचे फोटो वरच्या रांगेत येणार नाहीत, पिढीचा क्रम डॉट पाळतो. म्हणजे तोही बेत बारगळला.

आणि पीडीएफ घेऊन गेलं की खिडकीतून ठरलेलं वाक्य: ‘वर्डमध्ये आणा.’ का? ‘आम्हाला बदल करायचा असतो.’ बदल मजकुरात करा, एक ओळ आहे. ‘ते आमच्याकडं उघडत नाही.’ नोटपॅड? ‘नोटपॅड आहे. पण त्यात चित्र कुठंय?’

इथंच गाडं अडतं. ओळी दिल्या तर ती नुसती माहिती. बाण आले की पुरावा. तीच नावं, तीच नाती, तोच सांगणारा. चौकट आखली की वजन येतं, शिक्का मारावासा वाटतो.

भाऊबंदकीच्या सोयीचंही एक अवजार आहे. फाईलचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट. कुठल्या दिवशी, कुणी, कुठली ओळ काढली, सगळं कायमचं. वर्डच्या तक्त्यातून चुलता गळला तर नजरचूक. इथं गळला तर तारीख, वेळ आणि पुतण्याचं नाव. हे अवजार भावकीत एकमतानं नामंजूर होईल याची खात्री बाळगा. इतकं एकमत पंगतीत वाढप्याला हाक मारतानाही होत नाही.

राहता राहिला शेवटचा मुद्दा, खरेपणाचा. भाचा तो टाळतो. वर्डमध्ये मधली पिढी माहीत नसली तर काय करतात? बाण लांब ओढतात. पणजोबांपासून थेट वडिलांपर्यंत, बघणाऱ्याला वाटावं की जागा कमी पडली. मजकुरात ते जमत नाही. आजोबा वगळले, तर ओळीत स्वच्छ लिहावं लागतं: पणजोबा -> वडील. वाचणाऱ्याच्या डोळ्यात खुपतं. लिहिणाऱ्याच्याही.

पण खुपलं तरी लिहिणारे लिहितात. आणि डॉट? त्याला काय त्याचं. ‘रामदेवराव_यादव -> मी’ लिहा. देवगिरीपासून थेट तुमच्यापर्यंत सरळ, रेखीव बाण येतो. तितक्याच वेळात, तितक्याच मनोभावे. खाली एकही त्रुटी दाखवत नाही. कंसदेखील बरोबर जुळलेला असतो.